फ्लो सायटोमीटरवर वनस्पतींचा डीएनए मोजताना शिखर पसरतं, सरकतं किंवा दिसतच नाही : काय तपासावं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

फ्लो सायटोमीटर म्हणजे रंगवलेल्या केंद्रकांचा उजेड एकेक करून मोजणारं यंत्र. सारखा डीएनए असलेली केंद्रकं त्याच्या आलेखावर एका उंचवट्यात जमतात, तेच शिखर. पान चिरलं, गाळलं, रंगवलं, यंत्राला लावलं. त्यानंतर पडद्यावर जे बिघडलेलं दिसतं ते बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक असतं.

शिखर येतं, पण पसरट. सीव्ही ५ टक्क्यांच्या वर जातो. सीव्ही म्हणजे शिखराचा पसारा त्याच्या सरासरीच्या किती टक्के आहे तो आकडा. ३ च्या आत असेल तर उत्तम, ५ पर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढच्या शिखरावरून जीनोमचा आकार, म्हणजे वनस्पतीत एकूण डीएनए किती ते, सांगू नये.

शिखर आहे, पण डावीकडून कचऱ्याचा, म्हणजे पेशींच्या तुकड्यांचा, लांब उतार येतो आणि शिखर त्या उतारावर कसंबसं टेकलेलं असतं.

शिखरच नाही. नुसता उतार.

शिखर सरकतं. तोच नमुना दहा मिनिटांनी लावला की सरासरी वेगळी येते, किंवा सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळत नाही.

एकाऐवजी तीन-चार शिखरं दिसतात आणि त्यातलं आपलं कोणतं ते कळत नाही.

सहावं लक्षण घेऊन सहसा कुणी येत नाही. शिखर अरुंद, देखणं, सीव्ही अडीच, आणि आकडा चुकीचा. पसरट शिखर निदान सावध तरी करतं. हे देखणं शिखर थेट प्रबंधात जाऊन बसतं आणि मग वर्षानुवर्षं इतर लोक तो आकडा उचलत राहतात. म्हणून खालच्या तपासण्यांमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ त्यालाच दिला आहे.

बिघडतं कुठे

पद्धत साधी आहे. १९८३ साली डेव्हिड गॅलब्रेथ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की ताजं पान बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) धारदार ब्लेडने बारीक चिरलं तर केंद्रकं अखंड बाहेर पडतात. पेशीभित्तिका विकरांनी विरघळवत बसावं लागत नाही. ती केंद्रकं डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवायची आणि एकेक करून लेसरसमोरून जाऊ द्यायची. जितका डीएनए जास्त तितका उजेड जास्त. शेजारी डीएनए माहीत असलेली दुसरी वनस्पती, म्हणजे संदर्भ वनस्पती, ठेवायची आणि दोन उजेडांचं गुणोत्तर काढायचं.

टोमॅटोचं शिखर २०० वर आलं आणि तुमच्या वनस्पतीचं २४५ वर, तर २४५ भागिले २०० गुणिले १.९६ (टोमॅटोचा माहीत असलेला आकडा), म्हणजे २.४० पिकोग्रॅम. हा झाला २सी, म्हणजे विभाजनासाठी डीएनए दुप्पट होण्याआधीच्या केंद्रकातला डीएनए. त्याचा अर्धा १सी. एक पिकोग्रॅम म्हणजे ९७८ दशलक्ष बेसजोड्या, त्यावरून पुढचा हिशोब.

यात यंत्र फक्त उजेड मोजतं. डीएनए किती आहे ते त्याला माहीत नसतं. उजेड कमी पडण्याची कारणं पानात, ब्लेडमध्ये, बफरमध्ये, रंगात कुठेही असू शकतात. तरीही शिखर बिघडलं की पहिला फोन सर्व्हिस इंजिनियरला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो तो. इंजिनियरला बोलावण्याच्या दोन दिवस आधी पुढच्या गोष्टी बघाव्यात.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी : पडद्यावरच्या सेटिंग

सामायिक यंत्रावर तुमच्या आधी बहुधा रक्ताच्या किंवा प्राण्यांच्या पेशींचे नमुने चाललेले असतात. त्या लोकांचं काम लॉग मापनावर चालतं, आपलं रेषीय मापनावर. लॉगवर दुप्पट आणि चौपट शिखरं एकमेकांजवळ येऊन बसतात आणि नीट शिखरसुद्धा दाबल्यासारखं दिसतं. आधी ते बदला.

मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजेडापासून यंत्राने मोजायला लागायचं ती मर्यादा. तो पुढच्या प्रकीर्णनावर, म्हणजे कणावरून पुढे विखुरणाऱ्या उजेडावर, ठेवलेला असेल तर क्लोरोप्लास्टचे तुकडे, स्टार्चचे कण, पेशीभित्तिकेचा चुरा सगळंच 'घटना' म्हणून मोजलं जातं. थ्रेशोल्ड रंगाच्या चॅनेलवर ठेवा. उतार लगेच निम्मा होतो, नमुना मात्र तोच असतो.

नमुन्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा. वेग वाढवला की नमुन्याचा प्रवाह जाड होतो, काही केंद्रकं लेसरच्या मध्यावरून जातात आणि काही कडेने. सारखाच डीएनए असलेल्या दोन केंद्रकांवर मग वेगळा उजेड पडतो आणि शिखर पसरतं. घाई असते, रांग लागलेली असते, म्हणून लोक वेग वाढवतात. पाच हजार केंद्रकं जमायला वेळ लागला तरी चालेल.

लेसर लावून निदान अर्धा तास झालेला असावा. शिखर हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल आणि यंत्र नुकतंच सुरू केलेलं असेल, तर बाकी काही बघूच नका. चहा घेऊन या आणि पुन्हा मोजा.

संदर्भ वनस्पती एकटी चालवा

पुढची सगळी दिशा या एका तपासणीवर ठरते, आणि नेमकी हीच गाळली जाते. तुमची वनस्पती बाजूला ठेवा. मटार किंवा टोमॅटोचं कोवळं पान त्याच बफरमध्ये, त्याच रंगात, त्याच सेटिंगवर चालवा. ही दोन्ही पानं मऊ असतात, त्यांत त्रासदायक रसायनं कमी असतात आणि केंद्रकं भरपूर मिळतात.

संदर्भाचं शिखर अरुंद आलं तर यंत्र ठीक, बफर ठीक, रंगही ठीक. दोष तुमच्या पानात किंवा ते हाताळण्यात आहे. इंजिनियरचं काम नाही.

संदर्भाचं शिखरही पसरट आलं तर बफर, रंग किंवा यंत्र. त्यातलं नेमकं कोण ते पुढे, यंत्र तपासायच्या प्रमाण मण्यांवरून कळेल.

म्हणून जिथे हे काम नियमित चालतं तिथे खिडकीत मटाराची कुंडी कायम असावी. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं बी टाकत राहायचं. एक सावधगिरी मात्र हवी. मंडईतल्या मटारावर यंत्राची तब्येत बघता येते, पण हिशोबासाठी तो चालत नाही, कारण त्याचं वाण आणि डीएनए माहीत नसतो. हिशोबाला ठरलेली वाणंच लागतात. त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पान

जून पान म्हणजे निम्मं अपयश. त्यात स्टार्च जास्त, फिनॉल (चिरल्यावर पान तपकिरी करणारी रसायनं) जास्त, भित्तिका जाड आणि केंद्रकं कमी. अजून पूर्ण न उघडलेलं पान घ्या. केळीची सुरळी, उसाच्या पोंग्यातलं आतलं फिकट पान, आंब्याची तांबूस कोवळी पालवी. उसाच्या उघड्या पानात सिलिका असते, ती ब्लेडची धार खाते, हे ऊस हाती घेतलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

पान काही केल्या जमत नसेल तर देठ, पाकळी किंवा मुळाचं टोक घेऊन बघा. देठात हरितद्रव्य आणि फिनॉल पानापेक्षा बरेचदा कमी असतात. पानावर हरलेली वनस्पती देठावर सुटते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे, आणि खर्च शून्य.

सह्याद्रीतून किंवा कुठूनही लांबून नमुना आणायचा असेल तर ओलसर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, थंड पेटीत आणा. थेट बर्फावर ठेवू नका. गोठलेल्या पानाची केंद्रकं फुटतात आणि मग कचऱ्याचा उतारच उरतो. पाण्यात बुडवूनही आणू नका. सिलिका जेलमध्ये वाळवलेल्या पानावरून द्विगुणित की चतुर्गुणित एवढं सांगता येतं, पण पिकोग्रॅमचा नेमका आकडा त्यावरून देऊ नये.

ब्लेड आणि हात

दर नमुन्याला नवी धार. दाढीचं दुधारी ब्लेड मधोमध तोडलं की दोन नमुन्यांना पुरतं. बोथट ब्लेड पान चिरत नाही, चेचतं. चेचलं की केंद्रकं फुटतात, डीएनएचे धागे बाहेर येतात, कचरा त्यांना चिकटतो आणि केंद्रकांचे पुंजके होतात. सीव्ही ७ वरून ३ वर केवळ ब्लेड बदलून आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

कोथिंबीर चिरतो तसं वरून खाली, पटापट, न दाबता चिरायचं. पेट्री डिश बर्फावर, बफर थंड. एक मिलिलीटर बफरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास पान पुरतं, म्हणजे जेमतेम नखाएवढं. 'केंद्रकं कमी दिसतात, जास्त पान घेऊ' हा मोह टाळा. पान वाढवलं की केंद्रकांबरोबर फिनॉल, चीक, बुळबुळ सगळंच वाढतं आणि बफर त्याला पुरा पडत नाही. केंद्रकं कमी असतील तर दोन वेगळ्या डिश करा.

पिपेटने जोरात वर-खाली करू नका. बफरमध्ये ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) असतं, फेस होतो आणि केंद्रकं फाटतात. गाळायला ३० ते ५० मायक्रॉनची नायलॉन जाळी घ्या. गाळण टाळलं तर नमुना मोजला तरी जाईल, पण यंत्राची नळी तुंबेल आणि पुढच्या माणसाचा दिवस जाईल.

रंग आणि आरएनेझ

नेमका डीएनए मोजायला प्रोपिडियम आयोडाइड वापरतात. ते दुहेरी साखळीत शिरतं, बेस कोणते आहेत याचं त्याला फारसं देणंघेणं नसतं. पण आरएनएमध्येही दुहेरी भाग असतात आणि ते त्यातही शिरतं. आरएनेझ (आरएनए तोडणारं विकर) घातलं नाही, किंवा जुनं झालं, तर शिखर पसरतं आणि उजवीकडे सरकतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर रंग आणि तेवढंच आरएनेझ, इथून सुरुवात करा.

डॅपी हा दुसरा रंग वापरत असाल तर शिखरं बहुधा जास्त अरुंद येतील आणि आरएनेझही लागणार नाही, पण डॅपीला अॅडेनिन-थायमिन जास्त असलेले भाग आवडतात. दोन वनस्पतींमध्ये बेसचं प्रमाण वेगळं असेल तर डॅपीचं गुणोत्तर चुकतं. प्लॉइडी, म्हणजे गुणसूत्रांचे संच किती, हे तपासायला डॅपी उत्तम, पिकोग्रॅम सांगायला नको.

शिखर वेळेनुसार सरकत असेल तर तोच नमुना ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी मोजा. आकडा आधी वाढतो, मग स्थिर होतो. स्थिर होण्याची वेळ प्रत्येक वनस्पतीची वेगळी. ती एकदा काढून वहीत लिहून ठेवा आणि पुढचे सगळे नमुने त्याच वेळेला मोजा. आकडा स्थिर होण्याऐवजी खाली घसरू लागला तर रंग नाही, पानातली रसायनं कारण आहेत. पुढचे दोन भाग वाचा.

प्रोपिडियम आयोडाइड उत्परिवर्तनकारक आहे. हातमोजे घाला, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

बफर बदला

एकच बफर सगळ्या वनस्पतींना चालत नाही. गॅलब्रेथचा बफर मऊ पानांना पुरतो. एलबी०१ मध्ये स्पर्मीन आणि मर्कॅप्टोइथेनॉल असतं, बऱ्याच शेती पिकांना तो मानवतो. ऑटोची दोन टप्प्यांची पद्धत, म्हणजे आधी सायट्रिक आम्ल आणि ट्वीन, मग डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, सगळ्यात अरुंद शिखरं देते, पण चिकट वनस्पतींत कधीकधी साफ फसते. झाडांच्या पानांसाठी २००७ मध्ये लूरेइरो आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूपीबी हा बफर सुचवला. त्यात १ टक्का पीव्हीपी, १ टक्का ट्रायटन आणि १० मिलीमोलर सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पीव्हीपी फिनॉल धरून ठेवतं, मेटाबायसल्फाइट त्यांचं ऑक्सिडीकरण रोखतं.

आंबा, जांभूळ, करवंद असं काही असेल तर मी थेट डब्ल्यूपीबीने सुरुवात करतो. चिरल्यावर डिशमधलं द्रावण दोन-तीन मिनिटांत तपकिरी झालं तर ते खुणेचं समजा, फिनॉल जिंकत आहेत. मेटाबायसल्फाइट आणि मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी घाला, आधीपासून घालून ठेवलेला बफर काही दिवसांत नुसतं पाणी होतो. मर्कॅप्टोइथेनॉल धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्ये) हाताळा.

भेंडी, अंबाडी, जास्वंद यांची गोष्ट वेगळी. तिथे बुळबुळ हा शत्रू असतो. जाळीवर थर बसतो, केंद्रकं गाळणीतच अडकतात, म्हणून शिखरच दिसत नाही. पान निम्मं करा, बफर दुप्पट करा, दोनदा गाळा. ऑटो वापरत असाल तर पहिल्या टप्प्यानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये १५० जी वर पाच मिनिटं फिरवून वरचं चिकट द्रावण टाकून द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बफर, पान आणि रंगाची वेळ एकदम बदलून शिखर सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते पुढच्या आठवड्यात कळत नाही.

देखणं शिखर, चुकीचा आकडा

व्हिएन्नाच्या योहान ग्राइलहूबर यांनी या विषयावर फार चिकाटीने काम केलं. एकाच जातीच्या रोपांमध्ये डीएनएचं प्रमाण बदलतं, असे दावे पूर्वी बरेच होते. सोयाबीन, मटार अशा पिकांतले असे दावे काळजीपूर्वक पुन्हा मोजल्यावर टिकले नाहीत. फरक वनस्पतीत नव्हता, पद्धतीत आणि टॅनिनसारख्या द्रव्यांत होता.

सूर्यफुलाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. १९९६ मध्ये प्राइस आणि जॉन्स्टन यांनी प्रकाशाचा सूर्यफुलाच्या डीएनएच्या प्रमाणावर परिणाम होतो असं प्रसिद्ध केलं. २००० मध्ये त्यांनीच, हॉडनेट यांच्यासह, दाखवलं की सूर्यफुलाच्या पानात प्रोपिडियम आयोडाइडचा उजेड कमी करणारी द्रव्यं असतात. ज्यांनी पहिला निष्कर्ष काढला त्यांनीच पुढचं काम करून कारण समोर ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडेही सूर्यफुलावर काम करणारे आहेत, त्यांनी ते दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाचावेत.

तपासणी अशी. संदर्भ वनस्पती एकटी चिरा, सरासरी लिहा. मग त्याच सेटिंगवर, त्याच दिवशी, संदर्भ आणि तुमची वनस्पती एकाच डिशमध्ये एकत्र चिरा. आता संदर्भाचं शिखर कुठे आलं ते बघा. मटार एकटा ३०० वर होता आणि तुमच्या पानासोबत २७० वर आला, तर तुमच्या पानातल्या रसाने मटाराच्या केंद्रकांवरचा उजेड खाल्ला. तुमच्या केंद्रकांचाही खाल्लाच असणार.

'गुणोत्तर तर तेच राहील ना?' असं इथे हमखास विचारलं जातं. दोघांचा उजेड सारख्या प्रमाणात घटला तर राहील. पण तसं होईलच याची खात्री नसते. कॉफीच्या पानांवर नोआरो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात पेशीद्रवातल्या द्रव्यांमुळे मापन चुकतं हे स्पष्ट दिसलं आहे. म्हणून संदर्भ शेजारच्या डिशमध्ये चिरून वेगळा मोजणं मला मान्य नाही. तो त्याच डिशमध्ये, त्याच रसात भिजलेला हवा. आणि एकत्र चिरूनही शिखर सरकत असेल तर आकडा द्यायचा नाही. बफर बदला, देठ घ्या, पान कमी करा, आणि संदर्भाचं शिखर जागेवर येईपर्यंत थांबा.

कोणतं शिखर २सी?

जास्तीची शिखरं नेमकी दुप्पट अंतरावर असतील तर तीन शक्यता. विभाजनाच्या तयारीतली ४सी केंद्रकं, दोन केंद्रकं चिकटून गेलेली, किंवा अंतर्बहुगुणन, म्हणजे पेशी न विभागता केंद्रकातला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट होणं. चिकटलेली जोडी स्पंदाची रुंदी आणि क्षेत्रफळ यांच्या आलेखावर वेगळी पडते, गेट लावून, म्हणजे आलेखाचा हवा तेवढाच भाग निवडून, ती बाजूला काढा.

अंतर्बहुगुणन मात्र फसवतं. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपाच्या पानात २सी, ४सी, ८सी, १६सी अशी शिखरांची रांगच दिसते. मांसल पानांच्या वनस्पती, निवडुंग आणि कित्येक ऑर्किडमध्येही हे सर्रास असतं. जून पानात २सी केंद्रकं इतकी कमी उरतात की पहिलं ठळक शिखर ४सीचं असतं, आणि त्यालाच २सी समजलं की जीनोम थेट दुप्पट होतो. व्हॅनिलात तर डीएनएचा एक भागच पुन्हा पुन्हा दुप्पट होतो, त्यामुळे शिखरांमधलं अंतरही नेमकं दुप्पट नसतं. अशा वेळी अगदी कोवळी ऊती किंवा परागकण तपासल्याशिवाय पहिल्या शिखराला नाव देऊ नका.

प्लॉइडीचा गोंधळही इथेच होतो. जळगावची ग्रँड नैन केळी त्रिगुणित, ३३ गुणसूत्रांची. तिच्या २सीला दोनने भागून आलेला आकडा केळीच्या एका मूळ संचाचा आकार नाही. तीनने भागावं लागतं, आणि त्याला १सीएक्स म्हणतात. गुणसूत्रं मोजलेली नसतील तर नुसतं 'त्रिगुणित' लिहू नये, 'डीएनए प्लॉइडी' असं लिहावं.

संदर्भ चुकीचा निवडला असेल तर

चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्समध्ये यारोस्लाव्ह डोलेझेल यांच्या गटाने संदर्भ वाणांची मालिका तयार केली आणि तिचं बियाणंही ते पुरवतात. मुळा 'साक्सा' १.११ पिकोग्रॅम, टोमॅटो 'स्टुपिके पोल्नी राने' १.९६, सोयाबीन 'पोलांका' २.५०, मका सीई-७७७ ५.४३, मटार 'त्स्तिराद' ९.०९, राय (गव्हासारखं धान्य) 'डान्कोव्स्के' १६.१९, बाकला 'इनोवेत्स' २६.९०, कांदा 'आलिस' ३४.८९. हे सगळे २सीचे आकडे.

तुमच्या वनस्पतीच्या जवळचा संदर्भ घ्या, पण शिखरं एकमेकांवर चढतील इतका जवळचा नको. दोघांत तिपटीपेक्षा जास्त फरक असेल तर यंत्राच्या रेषीयतेवर नको इतका भरवसा टाकावा लागतो. मुळ्याच्या आधारावर कांदा मोजणं म्हणजे १.११ वरून ३५ पर्यंत उडी, तो आकडा मी तरी स्वीकारणार नाही. संदर्भाचं ४सी शिखर तुमच्या २सीवर बसत नाही ना, तेही बघा. टोमॅटोचं ४सी ३.९२ ला येतं, मटाराचं १८.१८ ला.

कोंबडीच्या लाल रक्तपेशी सहज मिळतात म्हणून काही जण त्या वापरतात. वनस्पतींसाठी नको. त्या तुमच्या पानाच्या रसात चिरल्या जात नाहीत, शिवाय त्यांच्या डीएनएच्या आकड्यावर एकमत नाही.

अहवालात वाणाचं नाव आणि तुम्ही धरलेला आकडा दोन्ही लिहा. मटाराच्या याच वाणासाठी वेगवेगळ्या लेखकांनी वेगळे आकडे धरले आहेत, नुसतं 'मटार' लिहिलं तर तुमचा आकडा नंतर कुणाला दुरुस्तही करता येणार नाही.

यंत्राची सफाई

संदर्भ वनस्पती एकटीच पसरट येते, नवा बफर आणि नवा रंग घेऊनही तेच, तेव्हाच इथे या. यंत्राबरोबर आलेले प्रमाण मणी चालवा. मण्यांचं शिखर अरुंद असेल तर यंत्र ठीक, पुन्हा बफर आणि पाण्याकडे वळा.

मण्यांचंही शिखर पसरट असेल तर नळ्यांमध्ये बुडबुडा, साचलेला रंग किंवा अर्धवट तुंबलेली वाट. सफाईचं द्रावण, सौम्य हायपोक्लोराइट आणि मग भरपूर निर्जंतुक पाणी, या क्रमाने यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या वेळा पाळून चालवा. आवरणद्रवाची (नमुन्याभोवती वाहणाऱ्या द्रवाची) टाकी भरलेली आहे ना, झाकण घट्ट आहे ना, ते बघा. प्रोपिडियम आयोडाइड नळ्यांना चिकटून राहतं, त्यामुळे तुमच्यानंतर डॅपी चालवणाऱ्याचा नमुनाही बिघडू शकतो. काम संपल्यावर नळ्या धुवून द्या.

खोलीचा एसी बंद पडला असेल किंवा यंत्र यूपीएसवर नसेल तर शिखरं दिवसभर हलत राहतात. त्यावर सफाईचा उपाय नाही.

इथे थांबा

सफाईनंतरही मण्यांचं शिखर पसरट राहिलं, लेसरचा विद्युतप्रवाह नेहमीपेक्षा जास्त दिसतो, द्रव गळतो, जळल्याचा वास येतो, किंवा मणी दर काही मिनिटांनी जागा बदलतात, तर यंत्र बंद करा आणि इंजिनियरला बोलवा. लेसरचं झाकण उघडू नका, आरसे आणि फिल्टर स्वतः हलवू नका. डोळ्याला इजा होते, आणि बिघडलेली जुळवणी पुन्हा बसवायला दुप्पट खर्च येतो.

बोलावताना तारखांसकट मण्यांचे आलेख, नमुन्याचा वेग, लेसरची नोंद आणि केलेल्या सफाईची यादी तयार ठेवा. एवढं हातात असेल तर निम्मं निदान फोनवरच होतं.

यंत्र ठीक, संदर्भ ठीक, आणि तरीही तुमची वनस्पती तीन बफर, देठ आणि कोवळ्या पानानंतर अडूनच राहिली, तर इंजिनियर नको, पेशीजनुकशास्त्र जाणणारा माणूस शोधा. मुळाच्या टोकावरून गुणसूत्रं मोजून घ्या, आणि फॉयल्गेन रंजनाने, म्हणजे डीएनए रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली, तो मोजता येतो का ते विचारा. तिथेही टॅनिन त्रास देतात, पण सवयीचा हात असेल तर वाट निघते. जीनोमचा क्रम काढण्याचं काम तुमच्या गटात कुणी करत असेल तर त्यातून आकाराचा स्वतंत्र अंदाज मिळतो, तो मागून घ्या आणि शेजारी ठेवा. दोन्ही जुळत नाहीत तोपर्यंत सायटोमीटरचा आकडा 'प्राथमिक' म्हणूनच द्या, आणि दर वेळी निदान तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या रोपांवर मोजून मगच पाठवा.